लाईट गेली की सोलरही का जातं?

प्रश्न : आमचं घर पेडणे तालुक्यातल्या केरीत, किनाऱ्यावरच्या सुरूच्या बनापासून जवळ. स्लॅबवर तीन किलोवॅटचं सोलर बसवलं आहे. बिल उतरलं, त्याबद्दल तक्रार नाही. पण भर दुपारी डोक्यावर रणरणतं ऊन असताना खात्याची लाईट गेली की आमचं सोलरही बंद! शेजारी विचारतात, मग एवढे पैसे घालून मिळवलंत काय? बसवून देणाऱ्याला विचारलं तर म्हणाला, 'ते तसंच असतं.' ते तसंच का असतं? बॅटरी घ्यायचीच तर साधी घ्यावी, लिथियमची घ्यावी, की ती मिठाची बॅटरी येणार म्हणतात तिची वाट पाहावी? घरात जुना इन्व्हर्टर पडून आहे, तो जोडून भागेल का? — एक वाचक, केरी-पेडणे

उत्तर : तुमच्या सोलरमध्ये काहीही बिघाड नाही, हे आधी सांगून टाकतो. 'ते तसंच असतं' हे उत्तरही खोटं नाही, फक्त फार लवकर संपवलेलं आहे. भर उन्हात सोलर बंद पडतं ते मुद्दाम बंद पाडलेलं असतं. तसं केलं नसतं, तर तुमच्या गावातल्या एखाद्या लाईनमनच्या जिवावर बेतलं असतं.

तुमचं कोडं नीट मांडू. ऊन छपरावर, पॅनल छपरावर, छपराखाली पंखा. मधे खात्याचा संबंधच कुठे येतो? आपल्या मनातलं चित्र असं सरळ असतं: पॅनलमधून निघालेली तार थेट पंख्याला. प्रत्यक्षात पॅनलमधून येते ती डीसी वीज, आणि तीही लहरी. एक ढग आडवा आला की निम्मी, ढग सरला की पुन्हा पूर्ण. तुमचा पंखा, फ्रीज आणि टीव्ही यांना मात्र २३० व्होल्टची, सेकंदाला पन्नास वेळा हेलकावणारी एसी वीज लागते. हे रूपांतर भिंतीवरचा इन्व्हर्टर करतो. पण तुमच्याकडे आहे तो 'ऑन-ग्रिड' जातीचा, आणि या जातीला स्वतःचा ताल नसतो. भजनात झांजवाला पखवाजाकडे कान लावून वाजवतो, तसा हा इन्व्हर्टर खात्याच्या तारेतली लय ऐकतो आणि तिच्यात आपली वीज मिसळतो. पखवाज थांबला की झांजही थांबते.

ही लय येते तरी कुठून? गोव्यात मोठं औष्णिक वीजकेंद्र नाही. आपल्या विजेचा मोठा वाटा छत्तीसगडच्या कोरबासारख्या लांबच्या केंद्रांतून तारांवरून येतो. ही सगळी केंद्रं एकाच लयीत फिरतात. दक्षिणेची राज्यं बराच काळ या लयीबाहेर होती. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची लाईन सुरू झाली आणि दक्षिणेचं ग्रिड, म्हणजे वीजतारांचं जाळंही, उरलेल्या देशाशी जोडलं गेलं. तेव्हापासून काश्मीर ते कन्याकुमारी एकच फ्रिक्वेन्सी चालते. ती सेकंदाला ४९.९० ते ५०.०५ हेलकावे या अरुंद पट्ट्यात ठेवायचा दंडक आहे, आणि त्यासाठी रात्रंदिवस माणसं बसलेली असतात. केरीतला तुमचा तीन किलोवॅटचा इन्व्हर्टर त्या लयीला धरून चालतो.

ग्रिड तुमचं आणखी एक काम निमूटपणे करत असतं. दुपारी तुमची पॅनलं दोन-सव्वादोन किलोवॅट वीज देत असतात आणि घरात चालू असतात दोन पंखे नि फ्रीज, म्हणजे जेमतेम तीनशे वॅट. उरलेली वीज ग्रिड उचलतं. उलट ढग आला आणि त्याच क्षणी कुणी पंप सुरू केला, तर कमी पडलेली वीज ग्रिड पुरवतं. तुम्हाला दिवा लुकलुकतानाही दिसत नाही. ग्रिड नसताना हाच इन्व्हर्टर जबरदस्तीने चालू ठेवला, तर जास्तीच्या विजेला वाट राहत नाही आणि कमी पडलेल्या विजेला भर मिळत नाही. व्होल्टेज कधी वर जाईल, कधी कोसळेल, आणि पहिला बळी फ्रीजच्या कॉम्प्रेसरचा जाईल.

पण हे झालं घरातलं. खरं कारण खांबावर आहे.

किनारपट्टीवर लाईट जाते कशी, ते तुम्हाला मी सांगायला नको. मे महिन्यातला पहिला वळीव आला की माडाची झावळ तारेवर, नाहीतर सुरूचं झाडच तारेवर. १६ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ गोव्याच्या किनाऱ्याला घासून गेलं तेव्हा खांबच्या खांब आडवे झाले आणि कित्येक गावं काही दिवस अंधारात राहिली. अशा वेळी लाईनमन आधी लाईन मागून बंद करतो आणि मग खांबावर चढतो. आता समजा, त्या बंद लाईनवर तुमच्या छपरावरून २३० व्होल्ट उलटे चालले आहेत. गावातला ट्रान्सफॉर्मर ११,००० व्होल्ट उतरवून आपल्याला देतो, हे सगळ्यांना ठाऊक असतं. तोच ट्रान्सफॉर्मर उलटाही तितकाच इमानाने चालतो, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं. घराच्या बाजूने २३० व्होल्ट शिरले, तर पलीकडच्या तारांवर हजारो व्होल्ट उभे राहू शकतात. जी तार मेलेली समजून माणूस हात लावतो, ती जिवंत निघते.

यावर एक शंका हमखास येते: माझे तीन किलोवॅट अख्ख्या वाड्याला कसे पुरतील? इन्व्हर्टर आपोआप दमून बंद पडणार नाही का? बहुतेक वेळा पडेल. पण तार तुमच्या घराजवळच तुटली आणि तुटलेल्या तुकड्यावर तुम्ही आणि दोनच शेजारी उरलात, तर दुपारी तेवढा भार तुमची पॅनलं आरामात पेलतील. म्हणून हा भरवसा नशिबावर सोडलेला नाही. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१३ च्या नियमांनुसार ग्रिड गेल्यावर दोन सेकंदांच्या आत छपरावरच्या सोलरने लाईनला वीज देणं थांबवलंच पाहिजे.

ग्रिड गेलं हे इन्व्हर्टरला समजतं कसं? व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सी तर तो मोजतच असतो. शिवाय अनेक इन्व्हर्टर एक सुंदर युक्ती वापरतात. ते मधूनमधून फ्रिक्वेन्सीला अगदी हलकी ढकल देऊन पाहतात. पलीकडे देशाचं ग्रिड असेल, तर काहीच हलत नाही. ३० मे २०२४ ला देशाची विजेची मागणी अडीच लाख मेगावॅटपर्यंत पोचली होती, त्यापुढे तुमच्या तीन किलोवॅटची काय कथा! पण पलीकडे ग्रिड नसेल, तर त्या ढकलीसरशी फ्रिक्वेन्सी घसरत जाते. इन्व्हर्टरला उमगतं की आपण एकटे पडलो, आणि तो थांबतो. लाईट परत आल्यावर तो लगेच सुरू होत नाही, मिनिटभर ते पाच मिनिटं वाट पाहतो, कारण दुरुस्तीच्या वेळी लाईट येते-जाते, येते-जाते. आणि कधी घरात लाईट असूनही सोलर बंद दिसलं, तर इन्व्हर्टरच्या पडद्यावर व्होल्टेजचा आकडा पाहा. तो मर्यादेबाहेर गेला असेल तरी इन्व्हर्टर हात आखडतो. ती तक्रार मात्र वीज खात्याकडे करायची.

तेव्हा शेजाऱ्यांना सांगा, तुम्ही घेतलंत ते बिल कमी करणारं यंत्र आहे. ते काम ते चोख करतंय. एक किलोवॅटमागे दिवसाला सरासरी चार युनिट धरले, तर तीन किलोवॅटची बारा युनिट होतात. पावसाळ्यात आकडा खूप उतरतो, उरलेल्या महिन्यांत भरून निघतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,००० असं जास्तीत जास्त ७८,००० रुपये अनुदान मिळतं. ते पॅनलच्या किलोवॅटवर मोजतात, बॅटरीवर नाही. त्यामुळे बहुतेक घरांवर बिनबॅटरीचंच सोलर चढतं. त्यात वाईट काही नाही. वाईट एवढंच की लाईट गेल्यावर हे चालणार नाही, ही गोष्ट पैसे देण्याआधी घरमालकाला कुणी बसून समजावत नाही. ती सांगणं विकणाऱ्याचं कर्तव्य आहे, असं मला ठामपणे वाटतं.

लाईट गेल्यावरही घर चालावं असं वाटत असेल, तर दोन वस्तू लागतात: हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी. हायब्रिड इन्व्हर्टर ग्रिड जाताच आतला स्विच उघडून घराला खात्याच्या तारेपासून पूर्ण तोडतो आणि मग बॅटरीच्या जोरावर स्वतःची लय धरतो. लाईनवर काहीच जात नसल्यामुळे लाईनमन सुरक्षित राहतो. पॅनलं पुन्हा जागी होतात, घर चालवतात आणि उरलेल्या विजेवर बॅटरी भरतात. बॅटरी भरली की इन्व्हर्टर पॅनलचा हात आवरतो. सध्याचा इन्व्हर्टर बदलायचा झाल्यास वीज खात्याला कळवून, मीटरच्या कागदपत्रांत नोंद करूनच बदला.

बॅटरी केवढी घ्यायची? इथे लोक विनाकारण घाबरतात किंवा विनाकारण खर्च करतात, कारण ते अख्ख्या घराचा हिशेब धरतात. चवथीला घर माणसांनी भरलेलं असताना सहा तास लाईट गेली, असं समजू. पन्नास वॅटचे चार पंखे सहा तास म्हणजे १.२ युनिट. फ्रीजला तेवढ्या वेळात साधारण ०.४ युनिट. नऊ वॅटचे सहा एलईडी दिवे ०.३ युनिट. इंटरनेटचा डबा आणि मोबाईल मिळून ०.१. झाले दोन युनिट! पंप, गीझर आणि एसी या हिशेबाबाहेर ठेवा. एक हॉर्सपॉवरचा पंप चालताना साडेसातशे वॅटहून जास्तच घेतो, पण सुरू होताना क्षणभर त्याच्या कित्येक पट ओढतो. त्याच्यासाठी बॅटरी नि इन्व्हर्टर मोठा घेण्यापेक्षा छपरावरची टाकी भरून ठेवणं शहाणपणाचं.

आता बॅटरीच्या दुकानात जाऊ. साध्या ट्युब्युलर बॅटरीच्या अंगावर '१५० एएच' (अँपिअर-तास) असं ठसठशीत लिहिलेलं असतं. १२ व्होल्ट गुणिले १५० म्हणजे १,८०० वॅट-तास, म्हणजेच १.८ युनिट. गिऱ्हाईक इथपर्यंत वाचतं. त्या आकड्याशेजारी बारीक अक्षरांत 'सी-२०' किंवा 'सी-१०' असंही छापलेलं असतं, ते वाचा. सी-२० चा अर्थ असा की ही बॅटरी सावकाश, वीस तासांत रिकामी केली तरच १५० एएच देईल. पाच तासांत ओढून काढलीत तर कमी देईल. म्हणून दोन बॅटऱ्यांवर आकडा सारखा असला तरी सी-१० लिहिलेली खरोखर दणकट. शिवाय शिशाच्या बॅटरीतली निम्मी वीजच वापरावी, रोज तळापर्यंत उपसली तर ती लवकर जाते. म्हणजे १.८ युनिटच्या बॅटरीतून हाती लागतं ०.९ युनिट. आपल्या दोन युनिटच्या हिशेबाला अशा दोन बॅटऱ्याही थोड्या कमीच पडतील, आणि दोन-तीन महिन्यांनी झाकणं उघडून डिस्टिल्ड वॉटर घालायला हवं.

शिसे-आम्ल बॅटरी १८५९ मध्ये गास्ताँ प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने बनवली. इतकी जुनी असूनही ती टिकून आहे, कारण ती स्वस्त आहे, दणकट आहे आणि तालुक्याच्या गावी दुरुस्त करून मिळते. मात्र आपल्याकडच्या घरांत तिला एक गोष्ट फार बाधते. घरातली माणसं मुंबईत किंवा आखातात, घर आठ-आठ महिने बंद, मेन स्विच पाडलेला. अर्धी रिकामी बॅटरी तशीच पडून राहिली की तिच्या पट्ट्यांवर लेड सल्फेटचे पांढरे खडे धरतात आणि घट्ट होतात. मालक सुटीवर येतात तेव्हा बॅटरी गेलेली असते आणि दोष कंपनीला मिळतो.

लिथियमकडे वळू. बाजारात ५१.२ व्होल्ट, १०० एएचचा डबा मिळतो, म्हणजे ५.१२ युनिट. त्यातली नव्वद टक्के वीज निर्धास्त वापरता येते. म्हणजे साडेचार युनिट, तुमच्या गरजेच्या दुप्पट. याहून लहान डबेही मिळतात. पाणी घालायला नको, आयुष्य हजारो वेळा भरण्या-रिकामं करण्याइतकं, आणि किंमत पूर्वीपेक्षा कितीतरी खाली आली आहे. ब्लूमबर्गएनईएफच्या पाहणीनुसार लिथियम-आयन बॅटरीचा जगातला सरासरी भाव २०१० मध्ये युनिटमागे हजार डॉलरच्या वर होता, २०२४ मध्ये तो ११५ डॉलरवर आला. घरगुती डब्याला ग्राहक याहून जास्तच मोजतो, पण उतार तिथेही दिसतो.

"पण लिथियम पेटते ना?" २०२२ च्या उन्हाळ्यात पुण्यासह काही शहरांत विजेवरच्या स्कूटर पेटल्या, त्याची चित्रं सगळ्यांनी मोबाईलवर पाहिली, आणि ही भीती तिथून आली. मात्र लिथियम ही एक बॅटरी नव्हे, ते अख्खं कुटुंब आहे. निकेल-कोबाल्टवाली बॅटरी फार तापली की तिच्या आतल्या ऑक्साइडमधून ऑक्सिजन सुटतो आणि आग स्वतःच स्वतःला पोसते. घरासाठी घ्यायची ती लिथियम आयर्न फॉस्फेट, दुकानदाराच्या भाषेत एलएफपी. १९९७ मध्ये टेक्सास विद्यापीठात जॉन गुडइनफ यांच्या गटाने या पदार्थाचा गुण दाखवून दिला. पुढे २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालेल्या तिघांत गुडइनफ होते. फॉस्फेटमध्ये फॉस्फरस ऑक्सिजनला इतका घट्ट धरून ठेवतो की तापल्यावरही तो सहजी सुटत नाही. म्हणून एलएफपी पेटायला पुष्कळ अवघड. अशक्य नव्हे, हेही लक्षात असू द्या. त्यामुळे आतल्या प्रत्येक सेलवर लक्ष ठेवणारं बीएमएस नावाचं सर्किट चांगलं असावं, आणि डबा पत्र्याच्या माळ्यावर किंवा गॅसशेजारी न ठेवता सावलीतल्या, हवेशीर भिंतीला लावावा. केरीसारख्या ठिकाणी खारं वारं लागणाऱ्या पडवीत तर मुळीच नको. टर्मिनलवर मिठाचा थर बसला की जोड सैल होतो, सैल जोड तापतो, आणि अनेक अपघात तापलेल्या जोडातून होतात. बोल्ट वर्षातून दोनदा घट्ट करून घ्या.

मग मिठाची बॅटरी? तिचं खरं नाव सोडियम-आयन. आगरवाड्याच्या मिठागरातलं मीठ तिच्यात ओततात, असा समज असेल तर तो सोडून द्या. मीठ आणि ही बॅटरी यांना जोडणारा धागा एवढाच की दोन्हींत सोडियम आहे. लिथियम जगात थोड्याच ठिकाणी सापडतं, सोडियम कुठेही मुबलक मिळतं. या बॅटरीची रचना लिथियमच्या बहिणीसारखीच असते, फक्त सोडियमचे कण ग्राफाइटच्या थरांत नीट शिरत नाहीत. त्यासाठी 'हार्ड कार्बन' नावाचा वेगळा कोळसा लागतो, आणि तो नारळाच्या करवंट्यांपासून बनवता येतो. आपल्या कोकणपट्टीने याकडे डोळे उघडे ठेवून पाहायला हवं असं मला वाटतं. डिसेंबर २०२३ मध्ये पुण्याच्या केपीआयटी टेक्नॉलॉजीज या कंपनीने पुण्याच्याच आयसर संस्थेबरोबर विकसित केलेलं सोडियम-आयनचं तंत्रज्ञान जाहीर केलं. त्याआधी रिलायन्सने ब्रिटनची फॅराडिऑन ही याच क्षेत्रातली कंपनी विकत घेतली होती. तेवढ्याच विजेला ही बॅटरी लिथियमपेक्षा जड भरते. स्कूटरला ते गैरसोयीचं, घराच्या भिंतीला त्याचं काय ओझं! म्हणून घरांत तिला भवितव्य आहे. पण एलएफपी आज जशी कुठल्याही मोठ्या दुकानात हमीसकट मिळते, तशी ही मिळत नाही. येत्या पावसात पंखे चालायला हवे असतील, तर तिची वाट पाहू नका.

माझा सल्ला विचारलात म्हणून सांगतो. तुमच्याकडे लाईट क्वचित आणि थोडा वेळ जात असेल, तर हायब्रिडचा खर्च करू नका. साधा इन्व्हर्टर आणि एक सी-१० ट्युब्युलर बॅटरी पंख्या-दिव्यांना पुरे. तासन् तास जात असेल, घरात आजारी माणूस असेल किंवा फ्रीजमध्ये विकायचं मासळीचं सामान असेल, तर मात्र हायब्रिड आणि एलएफपीच घ्या.

राहिला जुना इन्व्हर्टर. तो घरातल्या दिव्या-पंख्यांना आजवर जसा वेगळा चालत होता, तसा चालू द्या, सोलरच्या वायरींशी त्याची गाठ घालू नका. काही वायरमन एक जुगाड सुचवतात: जुन्या इन्व्हर्टरची २३० व्होल्टची वीज सोलर इन्व्हर्टरला दाखवायची, म्हणजे त्याला वाटेल ग्रिड आलं, आणि पॅनलं सुरू होतील. ती सुरू होतीलही. पण मग पॅनलची दोन किलोवॅट वीज जाणार कुठे? घर तीनशे वॅट घेणार, उरलेली उलटी त्या जुन्या इन्व्हर्टरमध्ये शिरणार. त्याला वीज बाहेर द्यायला शिकवलेलं आहे, आत घ्यायला नाही. तो जळतो, नाहीतर बॅटरी प्रमाणाबाहेर भरून उकळते आणि तिच्यातून हायड्रोजन सुटतो. असा जोड केलेला असेल तर आजच काढून घ्या. आणि जुनी बॅटरी अगदीच गेली असेल, तर ती भंगारवाल्याच्या अंगणात फोडू देऊ नका, तिच्यातलं आम्ल आणि शिसं जवळच्या विहिरीत उतरतं. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांप्रमाणे जुन्या बॅटऱ्या परत घेऊन त्यांचं पुनर्चक्रण करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. नवी घेताना जुनी दुकानदाराकडे द्या, शिशाच्या वजनाचे पैसे तो बिलातून वजा करतो.